बिया नाहीत ना? द्राक्षांच्या औषधी गुणांची एक उलटी गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत.)

आजचा भाग हातगाडीपासून सुरू करू.

चिंचपोकळी स्टेशनातून बाहेर या. फेब्रुवारी-मार्चचे दिवस धरा. द्राक्षांच्या गाड्या लागलेल्या असतात. पुढे लांबट हिरवी द्राक्षं, त्यांच्या बाजूला लांबट काळी. आणि नशीब असेल तर कोपऱ्यात एका टोपलीत लहान, गोल, जांभळट काळी, जाड सालीची. गिऱ्हाईक येतं आणि दोन प्रश्न विचारतं. पहिला, "दादा, गोड आहेत ना?" दुसरा, "बिया नाहीत ना?" कोपऱ्यातली टोपली या दोन्ही प्रश्नांत नापास होते. तिच्यात बिया आहेत, आणि ती आंबटसर आहे.

तेच गिऱ्हाईक संध्याकाळी मोबाईलवर वाचतं की द्राक्षाच्या बीत आणि सालीत अमुक औषधी घटक आहे, हृदयाला चांगला, म्हातारपण लांबवणारा. मग मेडिकलमधून त्याच बियांच्या अर्काची कॅप्सूल आणतं.

म्हणजे बघा, बी आपण फळातून काढून टाकली आणि बाटलीत भरून विकत घेतली. हे कसं झालं, ती आजची गोष्ट. ती दौलताबादेतून, आर्थर रोडवरून, नान्नजहून आणि फ्रान्समधून फिरून पुन्हा याच गाडीपाशी येते.

आधी, द्राक्षात असतं काय?

द्राक्षाचे तीन भाग करा: गर, साल, बी. गरात मुख्यतः पाणी आणि साखर. शंभर ग्रॅम द्राक्षांत साधारण १६ ते १८ ग्रॅम साखर. ज्यांच्याविषयी एवढं बोललं जातं ते पॉलिफेनॉल नावाचे पदार्थ गरात फार थोडे असतात. बी असलेल्या द्राक्षात त्यांचा साधारण ६० ते ७० टक्के भाग बियांत, ३० टक्क्यांच्या आसपास सालीत आणि उरलेला गरात, असा हिशेब सांगितला जातो.

बियांत प्रामुख्याने टॅनिन. बी चावली की तोंड कोरडं पडतं, तुरट लागतं, ते यामुळे. सालीत रंग असतो. काळ्या, जांभळ्या, लाल द्राक्षांचा रंग अँथोसायनिनचा. हिरव्या द्राक्षात तो नसतो. पण म्हणून हिरवं द्राक्ष अगदीच रिकामं नाही, बरं का. त्याच्या सालीतही क्वेर्सेटिनसारखी द्रव्यं असतात, फक्त रंगाचा वाटा गेलेला असतो. आणि सालीतच, अगदी अल्प प्रमाणात, रेस्व्हेराट्रॉल नावाचा पदार्थ असतो. त्याच्याकडे नंतर येऊ, कारण सगळा गोंधळ त्याने घातला.

ही द्रव्यं वेल आपल्यासाठी बनवत नाही, स्वतःच्या बचावासाठी बनवते. ऊन, कीड, बुरशी यांच्यापासून. आपले बागायतदार ज्याला केवडा आणि भुरी म्हणतात, तसल्या रोगांशी झगडण्याचं तिचं हे हत्यार. तुरटपणा, जाड साल, कडू बी ही त्या हत्यारांची चव. आणि आपल्याला नेमकी तीच चव नको असते.

जुनी द्राक्षं

द्राक्ष हे औषध आहे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेत प्रत्येक वर्गातला श्रेष्ठ पदार्थ कोणता याची एक यादी आहे. तिच्यात फळांमध्ये मान मिळालाय मृद्वीकेला, म्हणजे द्राक्षाला. पण वैद्याच्या हातात ताजं द्राक्ष क्वचितच असायचं. असायची ती मनुका: वाळलेली, काळी, बी असलेली.

दख्खनमध्ये ताजी द्राक्षं कधीपासून? चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली. त्याच शतकाच्या मध्याकडे इब्न बतूता तिथे येऊन गेला. तो लिहितो की इथे द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा पिकतात. मोरोक्कोहून आलेल्या माणसाला हे नवल वाटणारच. थंड प्रदेशात वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून आजही आपला बागायतदार वर्षातून दोन छाटण्या करतो, एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. फरक एवढाच की आता पीक एकदाच घेतो.

त्या जुन्या दख्खनी जातींची नावं ऐका: भोकरी, फकडी, हबशी, पंढरी साहेबी, काळी साहेबी. नावातच रंग आहे. यातल्या बऱ्याच बियांच्या, काही जाड सालीच्या. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी पंढरी साहेबीच्या रोपांतून निवड करून जी जात काढली ती 'चीमा साहेबी'. तीही बियांचीच. म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत 'द्राक्षात बी असते' हे गृहीत होतं. सफरचंदात असते तशी.

आर्थर रोडवर एकाच फळाचे तीन रस्ते

आता आपल्या भागात येऊ. चिंचपोकळी स्टेशनहून पश्चिमेला सात रस्त्याकडे चालत जा. आज ज्याला साने गुरुजी मार्ग म्हणतात तो जुना आर्थर रोड. तिथलं कस्तुरबा रुग्णालय १८९२ मधलं, साथीच्या रोगांसाठीचं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा याच आर्थर रोडच्या इस्पितळाचं नाव घरोघरी दहशतीने घेतलं जाऊ लागलं.

त्या काळात आजाऱ्याच्या उशाशी द्राक्ष तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी पोचायचं.

पहिला रस्ता विलायती वैद्यकाचा. तापात खंगलेल्या रोग्याला 'उत्तेजक' म्हणून ब्रँडी द्यायची हा एकोणिसाव्या शतकातला डॉक्टरांचा सर्रास उपचार. ब्रँडी म्हणजे द्राक्षाच्या वाईनचा ऊर्ध्वपातित अर्क. गंमत अशी की ऊर्ध्वपातन करताना वाफ होऊन वर जातो तो अल्कोहोल. साल-बियांतली टॅनिन, रंग, हे सगळं भांड्यात खालीच राहतं. म्हणजे द्राक्षातलं जे औषधी मानायचं ते मागे ठेवून उरलेलं औषध म्हणून पाजलं जात होतं.

दुसरा रस्ता वैद्याचा: द्राक्षासव, द्राक्षारिष्ट. मनुका, गूळ, मसाल्याची द्रव्यं आणि धायटीची फुलं. हे भांड्यात बंद करून आंबवायचं. त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतो, पण थोडा, आणि तो सालीतली व बियांतली द्रव्यं रसात उतरवतो. रेड वाईनमध्ये होतं तेच. पांढऱ्या वाईनमध्ये साल आधीच काढून टाकतात, म्हणून ती फिकी.

तिसरा रस्ता आईचा, आजीचा. रात्री वाटीभर पाण्यात चार काळ्या मनुका भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून पाणी प्यायचं आणि मनुका बियांसकट चावून खायच्या. बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला, पोट साफ होत नाही त्याला. गिरणगावातल्या चाळींत हा तिसरा रस्ता सगळ्यात स्वस्त होता. आणि साल-बीच्या हिशेबाने पाहिलं तर सगळ्यात पूर्णही.

दारूबंदी आणि बाटलीतलं द्राक्ष

इथे राजकारण मध्ये येतं. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबईत काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने दारूबंदी लागू केली. खातं होतं डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे. हे गिल्डर कोण? मुंबईतले नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, जास्त कडक. त्यात अल्कोहोल असलेली औषधंही सापडत होती. मग औषध कुठे संपतं आणि दारू कुठे सुरू होते? फ्राम नसरवानजी बलसारा नावाच्या मुंबईकराने कायद्याला आव्हान दिलं आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दारूबंदीचा गाभा वैध, पण अल्कोहोल असलेल्या औषधी आणि प्रसाधनाच्या पदार्थांवरची बंधनं अवैध. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही शिकतात. आपल्या गोष्टीपुरता अर्थ एवढाच, की द्राक्ष आंबवलेलं असलं तरी ते औषध असू शकतं, हे कायद्याला मान्य करावं लागलं. आसव-अरिष्टांच्या बाटल्या दुकानात राहिल्या.

तिकडे मळ्यात काय चाललं होतं?

शहरात हा वाद चालू असताना बागेत द्राक्ष बदलत होतं.

फाळणीआधी मुंबईत चांगली द्राक्षं म्हणजे चमनकडून लाकडी डब्यांत कापसात ठेवून येणारी. श्रीमंतांची आणि आजाऱ्यांची चैन. मग दख्खनने स्वतः पिकवायचं मनावर घेतलं. हैदराबादकडून आलेली 'अनाब-ए-शाही' पसरली. मोठा मणी, भरपूर पीक, पण बियांची. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ उभा राहिला. आणि त्यानंतरच्या काळात आली ती जिने सगळं पालटलं: 'थॉम्प्सन सीडलेस'.

हे नाव कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉम्प्सनवरून पडलं, पण वेल मूळची पश्चिम आशियातली, तिकडे तिला किशमिश किंवा सुलताना म्हणतात. हिरवी, गोड, पातळ सालीची, बिनबियांची. खरं म्हणजे तिच्यात बी धरते, पण कोवळी असतानाच खुरटते. म्हणून आपल्याला लागत नाही.

आता यातली मेख समजून घ्या. बी ही नुसती पुनरुत्पादनासाठी नसते. मणी वाढवणारं जिबरेलिन नावाचं संजीवक बीच तयार करते. बी नाही तर संजीवक कमी, आणि मणी बारीक राहतो. मग ते संजीवक बाहेरून द्यावं लागतं. हेच ते 'जीए', जिबरेलिक ॲसिड. जपानमध्ये भाताच्या एका रोगट बुरशीत ते प्रथम सापडलं. नाशिक-सांगलीकडे आज जीएच्या द्रावणात घड बुडवणं हे बागेचं नेहमीचं काम आहे. बी काढून टाकली आणि तिचं काम बाटलीकडे दिलं, ते असं.

मणी मोठा झाला की आणखी एक गोष्ट घडते, साध्या भूमितीची. मण्याचा व्यास दुप्पट झाला तर आतला गर आठपट होतो, साल मात्र चारपटच. म्हणजे प्रत्येक घासात साल कमी, साखरेचं पाणी जास्त.

पुढे आपल्या शेतकऱ्यांनी यातूनच नव्या जाती शोधल्या, त्याचा अभिमान वाटायलाच हवा. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्प्सनमधून 'तास-ए-गणेश' निवडली. सोलापूरजवळच्या नान्नजचे, हो, माळढोकवाल्या नान्नजचे, नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' शोधली. कुठल्या प्रयोगशाळेत नाही, स्वतःच्या बागेत. एक फांदी वेगळी दिसली, ती ओळखली, जपली, वाढवली. या लांबट हिरव्या द्राक्षांनी महाराष्ट्राला देशातलं द्राक्षांचं पहिलं राज्य केलं, युरोपात निर्यात सुरू केली, तासगावचा बेदाणा घराघरात नेला.

म्हणून शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने तेच पिकवलं जे गाडीवर विचारलं गेलं. गोड आहेत ना? बिया नाहीत ना?

हिरवं द्राक्ष हिरवं का?

जाता जाता हेही सांगतो. रानटी द्राक्ष काळंच असतं. २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की हिरव्या द्राक्षात रंग चालू करणारा जनुक बंद पडलेला असतो, कारण डीएनएचा एक उडता तुकडा त्याच्या शेजारी येऊन बसला. माणसाने अशा वेली फांद्या लावून जपल्या. म्हणजे आपलं हिरवं द्राक्ष ही हजारो वर्षं सांभाळलेली एक बिघडलेली कळ आहे.

१९९१: चाक उलटं फिरलं

नोव्हेंबर १९९१. अमेरिकेतल्या '६० मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमात सांगितलं गेलं की फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी, आणि कारण कदाचित रेड वाईन. पुढच्या वर्षी सर्ज रेनो यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. अमेरिकेत रेड वाईनची मागणी एकदम वाढली. मग प्रश्न आला, वाईनमधलं नेमकं काय? १९९२ मध्येच वाईनमध्ये रेस्व्हेराट्रॉल असल्याचं प्रसिद्ध झालं आणि सगळ्यांची बोटं त्याच्याकडे वळली.

हा पदार्थ १९३९ मध्ये जपानच्या ताकाओका यांनी एका विषारी रानवनस्पतीतून वेगळा केला होता. १९७६ मध्ये तो द्राक्षाच्या पानांत सापडला, तोही बुरशी लागलेल्या पानांत. म्हणजे वेलीचं स्वतःचं औषध. १९९७ मध्ये उंदरांवरच्या कर्करोगाच्या प्रयोगांचा गाजलेला लेख आला, २००३ मध्ये यीस्टचं आयुष्य वाढल्याचा. २००८ मध्ये ग्लॅक्सो कंपनीने यावर काम करणारी एक छोटी कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली.

आणि मग हवा गेली. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाने जाहीर केलं की त्यांचे दीपक दास, रेड वाईन आणि हृदयावर भरपूर लिहिणारे संशोधक, यांनी १४५ ठिकाणी माहितीत बनवाबनवी केली होती. २०१४ मध्ये इटलीतल्या किआंती भागातल्या, म्हणजे चक्क वाईनच्या गावांतल्या, ६५ वर्षांवरच्या ७८३ जणांचा अभ्यास आला. ज्यांच्या लघवीत रेस्व्हेराट्रॉलच्या खुणा जास्त होत्या ते जास्त जगले का? नाही. त्यांना हृदयविकार कमी झाला का? तेही नाही.

मात्रेचा हिशेबही बघा. एक लिटर रेड वाईनमध्ये हा पदार्थ साधारण काही मिलिग्रॅम असतो. माणसांवरच्या प्रयोगांत रोज शेकडो मिलिग्रॅम दिलेले आहेत. तेवढा वाईनमधून घ्यायचा तर माणूस औषधाआधी दारूनेच मरेल.

याच काळात, २००१ मध्ये, महाराष्ट्र सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. शेतकऱ्याच्या मालाला दुसरी वाट मिळावी हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण 'वाईन म्हणजे दारू नव्हे, ती तब्येतीला चांगली' हे वाक्यही तेव्हापासून सोबत चालत आलं. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायच्या निर्णयावरून वाद झाला तेव्हाही ते ऐकलं. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं की अल्कोहोलची कुठलीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. मला अशा वेळी डॉ. गिल्डर आठवतात. हृदयाचा डॉक्टर, आणि त्यानेच दारूबंदी आणली.

मग द्राक्षात काहीच नाही का?

आहे. फक्त जादू नाही. हे पदार्थ रक्तात फार थोडे शोषले जातात, बरेचसे आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतात. एका पदार्थाला वेगळं काढून गोळी केली की जे होईलसं वाटतं ते माणसात होत नाही. पण सालीसकट, रंगासकट वेगवेगळी फळं-भाज्या खाणाऱ्यांची तब्येत एकूण बरी असते, हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

आणि बागेतही चाक थोडं उलटं फिरतंय. थॉम्प्सनच्या लाटेतही काळं द्राक्ष पुरतं गेलं नाही, कारण नान्नजच्याच काळेंची 'शरद सीडलेस' आली. ती 'किशमिश चोर्नी' या काळ्या जातीतून निघालेली. चोर्नी म्हणजेच काळी. गाडीवरची लांबट काळी द्राक्षं बहुतेक याच घराण्यातली. बी नाही, पण सालीचा रंग परत आला. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथली 'मांजरी मेडिका' तर मुद्दाम रसासाठी आणि या द्रव्यांसाठी काढलेली. 'पुसा नवरंग' आणि 'फ्लेम सीडलेस' यांचा संकर. तिचा गरसुद्धा लाल असतो, रंग सालीपुरता राहत नाही. रस काढल्यावर उरलेला चोथाही वापरता येतो, कारण माल त्यातच आहे.

आणि कोपऱ्यातली ती टोपली? ती 'बेंगलोर ब्लू'. अमेरिकन द्राक्षाचं रक्त असलेली, बियांची, जाड सालीची, दाबली की गर सुळकन बाहेर येणारी. स्वस्त म्हणून आपण तिला कमी लेखतो. आपण ज्यासाठी कॅप्सूल विकत घेतो ते तिच्यात साल आणि बी दोन्ही रूपांत असतं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगून थांबतो. एक: काळी असोत की हिरवी, द्राक्षांत साखर आहेच. लालबाग-परळच्या घरांत मधुमेह आहे, आणि 'काळी द्राक्षं शुगरला चालतात' या निरोपावर विसंबून कुणी किलोभर खाऊ नये. मूठभर, आणि डॉक्टरांना विचारून. मनुकांत तर पाणी गेलेलं असतं, साखर दाटलेली. दोन: साल खायची तर द्राक्षं नीट, वाहत्या पाण्यात चोळून धुवा. फवारे सालीवरच बसतात.

बाकी, बी लागली तर थुंकू नका. चावून बघा. तुरट लागेल, पण तुरटपणा म्हणजेच ते.

पुढच्या वेळी गाडीपाशी उभे राहाल तेव्हा त्या दोन प्रश्नांच्या जोडीला तिसरा विचारा: "दादा, ती बियांची काळी आहेत का?" चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो उद्या दोन टोपल्या आणेल. शंभरांनी विचारलं तर कदाचित कुणीतरी काळी साहेबीही पुन्हा लावेल. गोड आणि बिनबियांचं द्राक्ष असंच तर आलं होतं, आपण विचारलं म्हणून.

तुमच्या घरी मनुका कशा भिजवायचे, किंवा भोकरी, फकडी ही नावं कुणाच्या तोंडी ऐकली असतील, तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, नमस्कार.